जुन्या ऐतिहासिक इमारतीचं समाजकेंद्र करायचंय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गेल्या काही वर्षांत आमच्याकडे सारखे तेच तेच प्रश्न येतात, कधी मेसेजमध्ये, कधी मीटिंग संपल्यावर दारात उभं राहून. ते सगळे इथं एकत्र केलेत. आधी सोपे आहेत, अवघड आणि अडनिडे शेवटी. एका उत्तरातला मुद्दा दुसरीकडे लागला तर प्रश्नाचा नंबर दिलाय, तिकडे जाऊन वाचा.

१. पाडून नवीन बांधणं सोपं आणि स्वस्त नाही का? एवढा आटापिटा कशाला?

कधीकधी सोपं असतं हे खरं, उगाच नाही म्हणणार नाही. पण हिशोब करताना लोक बांधकामाचा खर्च तेवढा धरतात आणि पाडायचा, मलबा हलवायचा, नवीन पाया घालायचा खर्च विसरतात. शिवाय जगातल्या एकूण कार्बन उत्सर्जनातलं साधारण ७-८ टक्के एकट्या सिमेंटमुळे होतं, आणि उभ्या इमारतीतल्या विटा, दगड, लाकूड यांच्यासाठी लागलेली ऊर्जा कधीच खर्च होऊन गेलेली आहे, ती पाडली की वाया.

आणि दुसरं म्हणजे माणसं. ज्या इमारतीत कुणाचे आजोबा कामाला होते, कुणी परीक्षा दिली, कुणी लग्नाची नोंद केली, ती पुन्हा उघडली की लोक आपणहून आत येतात. नव्या कोऱ्या हॉलला ही ओढ तयार व्हायला वर्षानुवर्षं लागतात.

२. इमारत या कामाला चालेल की नाही हे अगदी सुरुवातीला कसं ओळखायचं?

आर्किटेक्टला फोन करायच्या आधी एका जोरदार पावसात तिथं जाऊन उभे राहा. खरंच. छपरातून पाणी कुठून येतं, पन्हळी कुठं भरून वाहतात, भिंतीच्या पायथ्याशी पाणी साचतं का निघून जातं, हे अर्ध्या तासात जेवढं कळतं तेवढं कोरड्या दिवशी चार भेटी देऊन कळत नाही.

मग पुढचं: मोजमाप घेऊन पूर्ण नकाशे काढून घ्या, कारण जुने नकाशे असले तरी प्रत्यक्षात मधल्या काळात कुणीतरी भिंत काढलेली असते नाहीतर पोटमाळा टाकलेला असतो. भिंतीला तडे असतील तर लगेच घाबरू नका आणि लगेच बुजवूही नका, तड्यावर मोजपट्टी लावून निदान वर्षभर नोंद ठेवा. ऋतूप्रमाणे उघडणारा-मिटणारा तडा वेगळा आणि दर महिन्याला रुंद होत जाणारा वेगळा, दुसऱ्या प्रकारात पाया किंवा जमीन बघावी लागते.

लाकडात टोचून बघा, विशेषतः तुळईची टोकं जिथं भिंतीत शिरतात तिथं. मधे लाकूड ठणठणीत आणि टोकं कुजलेली हे फार कॉमन आहे. जुन्या रंगात शिसं आणि जुन्या पत्र्यांत, पाइपच्या आवरणात अॅस्बेस्टॉस असू शकतं, म्हणून टेस्ट झाल्याशिवाय काहीही घासू, फोडू नका.

३. आत काय काय असावं हे कुणी ठरवायचं? आमच्या कमिटीची यादी तयार आहे.

यादी बाजूला ठेवा आणि आधी बघा. ब्राझीलमधल्या साओ पाउलोतल्या सेस्क पोम्पेया या केंद्राचं उदाहरण आम्ही सगळ्यांना सांगतो. जुनी पिंपं बनवायची फॅक्टरी होती. आर्किटेक्ट लीना बो बार्दी १९७० च्या दशकात ती बघायला गेल्या तेव्हा सुट्टीच्या दिवशी आजूबाजूची माणसं आधीच तिथं येऊन बसत होती, फाटक्या छपरातून पाणी गळत होतं आणि पोरं त्या पाण्यात हसत-खिदळत बॉल खेळत होती. हे बघून त्यांनी ठरवलं की हे जे चाललंय ते तसंच चालू राहिलं पाहिजे, आणि मग शेड न पाडता गिलावा खरवडून आतलं विटांचं आणि काँक्रीटचं बांधकाम उघडं केलं, मधे मोकळी जागा ठेवली, आत वळणावळणाचं पाणी आणि शेकोटी केली. १९८२ ला ते उघडलं आणि आजही भरलेलं असतं.

आमचा अनुभव असा की कमिटीच्या यादीत मोठा हॉल, स्टेज आणि कॉन्फरन्स रूम असतेच असते, आणि लोकांना विचारलं तर ते म्हणतात बसायला सावली द्या, स्वच्छ टॉयलेट द्या, पोरांना अभ्यासाला जागा द्या, संध्याकाळी दार उघडं ठेवा. वेगवेगळ्या वेळी जाऊन बसा, सकाळी कोण येतं, दुपारी कोण, अंधार पडल्यावर कोण येत नाही आणि का. बायका संध्याकाळी येत नसतील तर कारण बहुतेक दिव्यांत आणि रस्त्यात असतं, हॉलच्या साइजमध्ये नाही.

यानंतर ती गरज इमारतीच्या खोल्यांशी जुळवायची. उलटं केलं, म्हणजे कार्यक्रम आधी ठरवून इमारत त्यात कोंबली, की भिंती पाडायला लागतात.

४. इंजिनियर म्हणतो वरचा मजला चालणार नाही. पण शंभर वर्षं लोक राहिलेच की तिथं!

राहिले, पण थोडे राहिले. राहत्या घरासाठी मजल्यावर साधारण दर चौरस मीटरला १५० ते २०० किलो भार धरतात. जिथं माणसं जमतात, उभी राहतात, तिथं ४०० ते ५०० किलो धरावा लागतो, आणि पुस्तकांची कपाटं ओळीनं लावली तर त्याहूनही जास्त. म्हणजे तीच खोली, तोच मजला, पण अपेक्षा दुपटीहून जास्त.

वर नाच किंवा व्यायामाचा क्लास ठेवला तर आणखी एक भानगड होते. सगळे जण एका तालावर सेकंदाला दोन-तीनदा उड्या मारतात आणि लाकडी मजला त्या तालाला साथ द्यायला लागतो, मग खालच्या खोलीचं छत हलतं आणि गिलाव्याला चिरा पडतात, मजला कोसळला नाही तरी.

यातून मार्ग निघतात. सगळ्यात स्वस्त मार्ग म्हणजे गर्दीचं सगळं तळमजल्यावर आणि वर ऑफिस, शिवणकाम, छोटे क्लास, आणि दारावर किती माणसं चालतील ती संख्या स्पष्ट लिहायची. दुसरा मार्ग, जुन्या तुळईला हात न लावता तिच्या शेजारी लोखंडी तुळई देऊन भार वाटून घ्यायचा. मजला उखडून काँक्रीटचा स्लॅब टाकायचा सल्ला कुणी पहिल्याच भेटीत दिला तर दुसऱ्या इंजिनियरला विचारा, ज्यानं जुन्या लाकडावर आणि चुन्याच्या बांधकामावर प्रत्यक्ष काम केलंय. स्लॅबचं वजन जुन्या भिंतींवर आणि पायावर येतं हे विसरून चालणार नाही.

५. भिंतींना खालून ओल आहे. सिमेंटचा गिलावा करून वर वॉटरप्रूफ रंग मारला तर काम होईल ना?

होणार नाही, आणि हा प्रश्न आम्हाला सगळ्यात जास्त येतो म्हणून जरा सविस्तर.

जुनी भिंत चुन्यात बांधलेली असते. चुना मऊ आणि सच्छिद्र, भिंतीत पाणी शिरलं तरी ते सांध्यांमधून आणि गिलाव्यातून बाहेर उडून जातं. सिमेंट कडक आणि बरंच बंद. वरून सिमेंट लावलं की ओल आतच अडकते, वर चढत जाते, बरोबर क्षार नेते, आणि ते क्षार दगडाच्या किंवा विटेच्या आत स्फटिक होऊन तिचा चेहरा सोलून काढतात. इमारत थोडी हलली तर चुन्याचा सांधा जरा दबतो, तिथं सिमेंटचा सांधा दबत नाही म्हणून वीट फुटते. म्हणजे जो भाग सहज बदलता आला असता तो टिकतो आणि जी बदलता येत नाही ती मूळ वीट जाते.

एका इमारतीत आम्ही स्वतः ही चूक केलीय. उद्घाटनाची तारीख ठरली होती, खालचा चार फूट पट्टा सिमेंटनं गुळगुळीत केला, फोटो छान आले, आणि दुसऱ्याच पावसाळ्यानंतर ओल त्या पट्ट्याच्या वर, खिडकीपर्यंत गेली. सगळं परत खरवडावं लागलं आणि सिमेंटबरोबर विटांचे टवके निघाले ते कायमचे गेले, त्याचं अजून वाईट वाटतं.

मग काय करायचं? ओल येते कुठून ते आधी शोधा. बहुतेक वेळा बाहेरची जमीन वर्षानुवर्षं भर पडून, फरशा टाकून जोत्याच्या वर आलेली असते, किंवा पन्हळ फुटलेली असते, किंवा पाइप गळत असतो. बाहेरची माती खाली उतरवा, पाणी भिंतीपासून लांब न्या. मग भिंतीला वाळायला वेळ द्या, ढोबळ अंदाज असा की दर २५ मिलिमीटर जाडीला एक महिना, म्हणजे दीड फुटी भिंतीला जवळपास दीड वर्ष. मोठे हीटर लावून घाईनं वाळवू नका. त्यानंतर चुन्याचा गिलावा आणि श्वास घेऊ शकेल असा रंग. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन हळूहळू घट्ट होतो म्हणून त्याला वेळ लागतोच, कॉन्ट्रॅक्टर किती का घाई करेना.

लाकडातली आर्द्रता २० टक्क्यांच्या वर राहिली की बुरशीला आमंत्रण असतं, त्यामुळे ओल हा दिसण्याचा प्रश्न नाहीच, छप्पर आणि मजला त्यावर अवलंबून आहे.

६. किती बदल केलेला चालतो? काहीच हात लावायचा नाही असं काही आहे का?

असं काही नाही. १९६४ च्या व्हेनिस सनदेतच, म्हणजे स्मारकं जपण्याच्या आंतरराष्ट्रीय तत्त्वांतच, लिहिलंय की स्मारक समाजाच्या उपयोगाला लावलं की ते जपायला मदतच होते, फक्त त्यासाठी मूळ मांडणी आणि सजावट बदलू नये. आयकोमॉस या वारसा जपणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या ऑस्ट्रेलियातल्या शाखेची १९७९ ची बुरा सनद आहे तिचं तत्त्व आम्ही साइटवर रोज वापरतो: जेवढं गरजेचं तेवढं करा, पण कमीत कमी करा.

व्यवहारात एक प्रश्न विचारायचा, हे उद्या काढून टाकलं तर मागची इमारत जशीच्या तशी मिळेल का? नेदरलँड्समधल्या मास्ट्रिख्टमध्ये १३ व्या शतकातलं डॉमिनिकन चर्च आहे, २००६ मध्ये तिथं पुस्तकांचं दुकान झालं. जागा कमी पडत होती म्हणून मधे पोलादी मजले उभे केले, पण ते स्वतःच्या पायावर उभे आहेत, दगडी भिंतींना धरून नाहीत. उद्या काढले तर चर्च तसंच. समाजकेंद्रात पार्टिशन, स्टेज, पोटमाळा, लायब्ररी हे सगळं असंच करता येतं.

७. पडलेला भाग हुबेहूब परत करायचा का नवीन नवीनच दिसू द्यायचं?

पुरावा असेल, म्हणजे फोटो, नकाशे, शिल्लक तुकडे, आणि ते काम करणारा कारागीर असेल, तर हुबेहूब करायला हरकत नाही. अंदाजानं मात्र करू नका, खोटं जुनं खऱ्या जुन्याचीही किंमत घालवतं.

आम्हाला स्वतःला आवडतो तो लंडनच्या बॅटरसी आर्ट्स सेंटरचा मार्ग. ही १८९३ ची टाउन हॉलची इमारत, मार्च २०१५ मध्ये आग लागून मोठ्या हॉलचं छप्पर गेलं. २०१८ ला हॉल परत उघडला तेव्हा भाजलेल्या भिंती तशाच ठेवल्या आणि जळालेल्या छताच्या नक्षीची आठवण देणारं लाकडी जाळीचं नवीन छत टाकलं, ज्यातून आवाजाचं आणि लायटिंगचंही काम झालं. कुणाला जुनं कुठलं आणि नवीन कुठलं हे विचारावं लागत नाही.

८. परवानग्या कोणत्या लागतात?

प्रत्येक ठिकाणचे नियम वेगळे, त्यामुळे यादी देत नाही. पण तीन गोष्टी सगळीकडे तपासाव्या लागतात: इमारत वारसा यादीत आहे का आणि कुठल्या दर्जात, वापर बदलायची परवानगी, आणि फायर डिपार्टमेंटची मंजुरी. नकाशे पूर्ण व्हायच्या आधीच अधिकाऱ्यांना प्रत्यक्ष इमारतीत बोलवा. कागदावर नाही म्हणणारा माणूस जागेवर आला की बऱ्याचदा मार्ग सुचवतो.

९. दर्शनी पायऱ्या सुंदर आहेत, पण व्हीलचेअरचं काय? मागून वेगळं दार दिलं तर चालेल?

नाइलाज असेल तर चालेल, पण आधी दहा वेळा विचार करा. सगळे पुढून आणि एक माणूस कचऱ्याच्या डब्याशेजारून, याला आम्ही सोय म्हणत नाही.

रॅम्पचा नेहमीचा जास्तीत जास्त चढ १ ला १२. म्हणजे तीन पायऱ्या, समजा ४५० मिलिमीटर उंची, तर ५.४ मीटर रॅम्प, वर सपाट जागा वेगळी. १ ला १५ किंवा १ ला २० जमला तर फार बरं, स्वतः चाक ढकलणाऱ्या माणसाला फरक लगेच कळतो. दाराची मोकळी रुंदी निदान ८०० ते ९०० मिलिमीटर आणि वळायला दीड मीटरचा गोल. उंची कमी असेल तर अंगणच हळूहळू उतार देऊन वर आणता येतं आणि रॅम्प आहे हे जाणवतही नाही, मात्र भिंतीजवळ माती चढवायची नाही, मधे मोकळी चर ठेवायची, कारण प्रश्न ५ मध्ये सांगितलेली ओल इथूनच सुरू होते.

लिफ्टसाठी जिन्याची विहीर कापू नका. बाहेरच्या बाजूला, मागच्या अंगाला वेगळा मनोरा उभा करून प्रत्येक मजल्यावर एका खिडकीचं दार केलं की सगळ्यात कमी तोडफोड होते. आणि डिझाइन फायनल करायच्या आधी व्हीलचेअर वापरणाऱ्या, कमी दिसणाऱ्या माणसांना सोबत घेऊन एक फेरी मारा.

१०. लाकडी इमारत म्हणजे आगीचा सापळाच ना?

जाड लाकूड आपल्याला वाटतं तेवढं लवकर जात नाही. मिनिटाला साधारण ०.६५ ते ०.८ मिलिमीटर कोळसा होत जातो, म्हणजे अर्ध्या तासात आगीच्या बाजूनं दोन-अडीच सेंटिमीटर, आणि तो कोळशाचा थर आतल्या लाकडाला थोडं वाचवतोही. खरा धोका असतो लपलेल्या पोकळ्यांत, फळ्यांच्या मागं, खोट्या छताच्या वर, जिथून धूर आणि आग गुपचूप दुसऱ्या टोकाला पोचते. त्या पोकळ्या मधेमधे बंद करणं, धूर ओळखणारे अलार्म, आणि बाहेर पडायला दोन वेगवेगळे रस्ते, हे आधी. दार बाहेरच्या बाजूला उघडायला हवं आणि ऐतिहासिक दार असेल तर कार्यक्रमाच्या वेळी ते उघडं अडकवून ठेवायचा नियम करता येतो.

सगळ्यात धोक्याचा काळ मात्र दुरुस्तीचा असतो. २०१८ ला ग्लासगो स्कूल ऑफ आर्ट आणि २०१९ ला पॅरिसचं नोत्र दाम, दोन्ही आगी काम चालू असताना लागल्या. १९९२ मध्ये विंडसर किल्ल्यात पडद्याला टेकलेल्या एका स्पॉटलाइटनं आग लावली. म्हणून वेल्डिंग, ब्लोटॉर्च शक्यतो नकोच, केलंच तर काम संपल्यावर तासभर तरी माणूस तिथं थांबला पाहिजे, आणि तात्पुरती वायरिंग रोज संध्याकाळी बंद.

११. हॉलमध्ये आवाज घुमतो, काही ऐकू येत नाही, शिवाय एवढा उंच हॉल गरम-थंड कसा ठेवायचा?

भाषण कळायला आवाजाचा घुमारा साधारण सेकंदभरात विरला पाहिजे, उंच दगडी हॉलमध्ये तो तीन सेकंदांच्या पुढे सहज जातो. भिंतीला फोम चिकटवू नका, ओलीचा प्रश्न होतो आणि आगीचाही. जाड पडदे, जाजम, छतापासून थोडं अंतर सोडून लटकवलेले पॅनल, हे सगळं काढता-घालता येतं.

नेदरलँड्समधल्या टिलबर्गची लोकहाल नावाची लायब्ररी बघण्यासारखी आहे, १९३२ ची रेल्वे इंजिनांची शेड, २०१९ ला उघडली. तिथं छतापासून खालपर्यंत प्रचंड पडदे आहेत, ते सरकवले की एकाच हॉलचे दोन-तीन भाग होतात आणि आवाजही आवरतो. आख्खी शेड गरम करायच्या ऐवजी माणसं बसतात तेवढेच भाग उबदार ठेवतात. उंच हॉलसाठी आम्ही हेच सुचवतो: माणसाची सोय बघा, सगळी हवा गरम किंवा थंड करायच्या मागं लागू नका.

१२. टॉयलेट, किचन, वायरिंग कुठं टाकायचं?

पाण्याचं सगळं एका कोपऱ्यात, शक्यतो मागच्या नवीन जोडभागात. वायरिंग भिंत खोदून आत नको, उघड्या पाइपमधून नीट सरळ रेषेत न्या, आम्हाला तर ते दिसायलाही आवडतं आणि दुरुस्तीला भिंत फोडावी लागत नाही. टॉयलेट लागतील असं वाटतं त्यापेक्षा जास्त धरा, कारण मध्यंतरात सगळे एकदम उठतात.

१३. पैसे कुठून आणायचे, आणि किती कमी पडतील?

कमी पडतील हे धरूनच चाला. नव्या बांधकामात अनपेक्षित खर्चाला ५ ते १० टक्के ठेवतात, जुन्यात १५ ते २० टक्के तरी बाजूला हवेत, फरशी उचलल्यावर खाली काय निघेल सांगता येत नाही.

देणगी सुरुवातीला मिळते, उद्घाटनाला मिळते, आणि तिसऱ्या वर्षी लाइट बिल भरायला कुणी देत नाही. म्हणून चालवायच्या खर्चाचा कागद बांधकामाच्या बजेटच्या आधी करा. नुसत्या हॉलच्या भाड्यावर राहिलात तर दात कोरून पोट भरण्यातला प्रकार होतो. एखादं कायमचं भाडेकरू ऑफिस, क्लास, कॅफे, कधीमधी मोठा कार्यक्रम असं मिश्रण लागतं, आणि त्यातला काही वेळ फुकट किंवा अगदी कमी दरात वस्तीसाठी राखून ठेवायचा तो लेखी ठेवायचा, नाहीतर हळूहळू सगळ्या चांगल्या तारखा पैसेवाल्यांना जातात.

इमारत तुमची नसेल तर भाडेकरार लांब मुदतीचा हवा. पाच वर्षांच्या करारावर छप्पर दुरुस्त करायला कुणीही मोठी मदत देणार नाही.

१४. काम पूर्ण होईपर्यंत बंदच ठेवायची का?

नको. आधी छप्पर आणि पाणी, आधी कळस मग पाया असं इथं खरंच करावं लागतं. ते झालं की एक सुरक्षित खोली आणि अंगण उघडा. छोट्या वापरातून कळतं की लोक कुठल्या दारानं येतात, कुठं बसतात, आणि पुढचे नकाशे त्याप्रमाणे बदलता येतात (प्रश्न ३). शिवाय रिकाम्या इमारतीत चोऱ्या आणि तोडफोड जास्त होते. कामाची जागा आणि वापराची जागा यांच्यात पक्कं कुंपण मात्र हवंच, आणि इन्शुरन्स कंपनीला लेखी कळवलेलं असावं.

१५. इमारतीचा इतिहासच वाईट आहे, तुरुंग होता. लोक म्हणतात पाडा. काय करायचं?

ज्यांच्या घरातल्यांनी तिथं सोसलं त्यांना आधी विचारा, आणि त्यांचं नाही असेल तर ते ऐका. दक्षिण आफ्रिकेत जोहान्सबर्गच्या कॉन्स्टिट्यूशन हिलवर वर्णद्वेषाच्या काळात तुरुंग होता. तिथंच देशाचं संविधान न्यायालय उभं केलं, २००४ ला सुरू झालं. कच्च्या कैद्यांची इमारत पाडली पण तिचे जिने उभे ठेवले आणि तिच्या विटा न्यायालयाच्या बांधकामात वापरल्या. कोठड्या बघता येतात, काही लपवलेलं नाही.

समाजकेंद्रात करताना एक काळजी घ्या, कोठडीत सेल्फी पॉइंट किंवा मजेशीर थीमचं कॅफे करू नका. एखादी खोली पूर्ण शांत, रिकामी ठेवा, तिथं नावं आणि काय झालं ते साध्या भाषेत लिहा, आणि बाकीच्या जागेत पोरांना खेळू द्या.

१६. छपरात वटवाघळं आहेत, आणि एका खोलीत अजून लोक पूजा-प्रार्थना करतात. हे आडवं येईल का?

वटवाघळांना अनेक देशांत कायद्याचं संरक्षण आहे. पिल्लांच्या काळात छपराला हात लावू नका, जाणकाराला बोलवून त्यांची ये-जा बघा आणि कामाचं वेळापत्रक त्याप्रमाणे लावा. बऱ्याचदा पोटमाळ्याचा एक भाग त्यांच्यासाठी सोडून बाकीचं काम करता येतं.

प्रार्थनेचं म्हणाल तर ती खोली तशीच ठेवून तिला स्वतंत्र दार आणि वेळ द्या, आणि बाकीचं केंद्र सगळ्यांचं आहे हे करारात लिहा. तोंडी ठरवलेलं कमिटी बदलली की विसरलं जातं.

१७. चालू झाल्यावर इमारतीकडे कोण बघणार? कमिटीत कुणाला वेळ नाही.

मग अजून उघडू नका, एवढं स्पष्ट सांगतो. १८७७ मध्ये विल्यम मॉरिस आणि त्यांच्या मित्रांनी जुन्या इमारती वाचवायला संस्था काढली तेव्हाही त्यांचं म्हणणं हेच होतं की रोजच्या काळजीनं पडझड लांबवा, मोठी दुरुस्ती करायची वेळच येऊ देऊ नका.

कामं छोटी असतात पण ठरलेल्या माणसाकडे असावी लागतात. पावसाच्या आधी आणि नंतर पन्हळी साफ, निखळलेलं कौल त्याच आठवड्यात परत, भिंतीत उगवलेलं रोप बोटाएवढं असतानाच मुळासकट काढायचं, वर्षातून एकदा तुळईच्या टोकांची आर्द्रता मोजायची. एक वही ठेवा, त्यात तारीख, काय बघितलं, काय केलं, सही. आमच्याकडे हे काम इमारतीच्या केअरटेकर मावशींकडे आहे, त्यांना शिडी, टॉर्च, आर्द्रता मोजायचं छोटं यंत्र आणि कमिटीला न विचारता खर्च करायची ठराविक रक्कम दिलीय, शिडी धरायला शेजारचा एक मुलगा येतो. मागच्या पावसाळ्याआधी वहीत त्यांची नोंद होती: उत्तरेच्या पन्हळीत पक्ष्याचं घरटं, पिल्लं उडाली, आज काढलं.